चित्त वासरापाशी

सकाळचे जपजी साहिब, म्हणजे गुरू नानकांची बाणी (पवित्र रचना), मला किती वेळात म्हणता येते, हे मला घड्याळाशिवाय कळत असे. गॅसवर कुकर चढवून पहिली पौडी, म्हणजे कडवे, सुरू केली, की वरण शिजून शिट्टी बंद करण्याच्या सुमारास ‘पवणु गुरू पाणी पिता’ हा अखेरचा सलोक ओठांवर येई. एकूण ३८ पौड्या आणि दोन सलोक बारा-तेरा मिनिटांत होत. त्या अवधीत माझी कणीक मळून होत असे, डबे भरून होत, दूधवाल्याचा हिशेब मनात मांडून होई आणि पाठही होई. अनेकदा अखेरच्या सलोकाशी पोहोचल्यावर विसावी पौडी आपण म्हटली की गाळली, हे मला सांगता आले नसते. गाळलेली नसणार, कारण जीभ चुकत नव्हती, परंतु जिभेखेरीज माझ्यातले दुसरे कोणी त्या पौडीपाशी हजर नव्हते.

मी नांदेडची आहे. आमच्या घराण्याचे मूळ पंजाबात असले, तरी कित्येक पिढ्या गोदावरीकाठी गेल्यामुळे आम्ही स्वतःला दख्खनी शीख म्हणवतो. घरात हिंदी आणि पंजाबीची मिसळ, शाळा मराठी, आणि पुढे मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षे मराठीच शिकवली. गुरुमुखी अक्षरे आईने ओळखीची करून दिली होती, परंतु नितनेम, म्हणजे रोजचा नेमाचा पाठ, मी वाचून नव्हे तर ऐकून उचलला. सकाळी जपजी, जाप आणि सवैये, संध्याकाळी रहिरास, निजताना सोहिला. लहानपणी पाढे जसे पाठ होतात तसा तो पाठ झाला, आणि पाढ्यांप्रमाणेच त्याचा अर्थ विचारण्याची गरज कधी भासली नाही.

अर्थाच्या जागी माझ्याकडे हिशेब होता. मुलाच्या नोकरीच्या मुलाखतींचा काळ होता तेव्हा मी सुखमनी साहिबचा चालीहा धरला होता. चालीहा म्हणजे ओळीने चाळीस दिवस एक बाणी न चुकता म्हणण्याचा संकल्प. सुखमनीच्या २४ अष्टपद्या म्हणायला मला सव्वा तासाच्या आसपास लागत असे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली होती. पाठ झाला की त्या दिवसाच्या चौकोनात मी एक खूण करीत असे. चाळीस खुणा पूर्ण झाल्या, मुलाखत झाली, आणि मुलाची निवड झाली नाही. तेव्हा मला जे वाटले ते लिहायला आजही संकोच होतो. मला दुःख झाले नव्हते, राग आला होता. पैसे मोजून घेतल्यावर माल न देणाऱ्या दुकानदाराचा यावा तसा तो राग होता, आणि मी दोन दिवस रहिरास म्हटली नाही. दुसऱ्या मुलाखतीत मुलाला पुण्यात नोकरी मिळाली, तेव्हा शुकराना म्हणून आम्ही घरी अखंड पाठ ठेवला.

अखंड पाठात गुरू ग्रंथसाहिबाची १४३० अंगे (आम्ही पृष्ठ न म्हणता अंग म्हणतो) सुमारे ४८ तासांत न थांबता वाचली जातात. पाठी, म्हणजे पाठ वाचणारे, दोन-दोन तासांची पाळी घेतात, तिला रौल म्हणतात. घर पाहुण्यांनी भरले होते. पुढच्या खोलीत प्रकाश, म्हणजे ग्रंथसाहिबाची स्थापना केलेली, मागच्या अंगणात लंगरची चूल, आणि मधल्या खोलीत नणंदा-भावजयांच्या गप्पा. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास मी पाणी प्यायला उठले आणि सहज पुढच्या खोलीत डोकावले, तर तेथे एक तरुण पाठी एकटा वाचत होता. ऐकायला कोणीही नव्हते. मी डोक्यावर ओढणी घेऊन भिंतीशी बसले. तो इतक्या वेगाने वाचत होता, की शब्दांच्या कडा एकमेकांत मिसळून गेल्या होत्या. नानक हे नाव तेवढे अधूनमधून कानाला लागे. बसल्या बसल्या मी शिक्षिकेच्या सवयीने भागाकार केला. २८८० मिनिटे आणि १४३० अंगे, म्हणजे एका अंगाला दोन मिनिटे. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. ४८ तास आम्ही मागितले होते, तो ते भरून देत होता. मुळात दोष होता तो मधल्या खोलीतल्या घोरण्याचा, आणि त्यात माझाही वाटा होता.

शीख रहित मर्यादेत, म्हणजे शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ साली मान्य केलेल्या आचारसंहितेत, याविषयी अगदी स्वच्छ लिहिलेले आहे, हे मला नंतर कळले. पाठ घरच्यांनी, नातलगांनी स्वतः करावा. वाचता येत नसेल त्याने बसून ऐकावा. पाठी एकटाच वाचतो आहे आणि घरातले कोणी ऐकत नाही असे होऊ नये. आणि ऐकणाऱ्याला समजणार नाही अशा घाईने वाचणे हा बाणीचा अनादर होय. पाठाच्या वेळी कुंभ, तुपाचा दिवा, नारळ ठेवणे हेही तीत गुरुमताविरुद्ध म्हटले आहे. आमच्या नांदेडच्या तख्ताची, म्हणजे हजूर साहिब गुरुद्वाऱ्याची, मर्यादा मात्र निराळी आणि जुनी आहे. येथे नारळही असतो आणि ज्योतही असते. त्यावरून पंजाबातून येणारे यात्रेकरू आणि आमचे लोक यांच्यात वाद होतात. त्या वादात मी पडत नाही, कारण त्या रात्री आमच्या घरात जे पोकळ होते ते नारळामुळे पोकळ नव्हते. नारळ काढून टाकला असता, तरी ती खोली तितकीच रिकामी राहिली असती.

पाठाचा भोग पडला, म्हणजे समाप्ती झाली, पाहुणे गेले, आणि काही दिवसांनी मी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका वृद्ध ग्यानीजींकडे गेले. ते मुलांना संथ्या देतात, म्हणजे बाणीचा उच्चार अक्षरशः शिकवतात. मी त्यांना सांगितले, की मला सहज पाठ करायचा आहे, स्वतः, आणि समजून. सहज पाठाला मुदत नसते. जमेल तसे, जमेल तेवढे वाचायचे आणि कधीतरी पूर्ण करायचे. त्यांनी मला आधी जपजी म्हणून दाखवायला सांगितले. मी माझ्या नेहमीच्या वेगाने सुरुवात केली. पहिली पौडी संपायच्या आत त्यांनी हात वर केला.

“बीबी, गाडी चुकते आहे का?”

मी हसले, परंतु ते हसत नव्हते. त्यांनी मला पहिल्याच ओळीचा अर्थ विचारला: ‘सोचै सोचि न होवई जे सोची लख वार’. मी तत्परतेने सांगितले, की विचार करून तो विचारात सापडत नाही, लाख वेळा विचार केला तरी. हिंदीतला ‘सोच’ माझ्या कानात इतका पक्का होता, की दुसरे काही असू शकेल अशी शंकाही मला आली नव्हती. ग्यानीजींनी सांगितले, की असा अर्थ लावणारे पुष्कळ आहेत, परंतु प्राध्यापक साहिबसिंग यांच्या दहा खंडांच्या टीकेत, दर्पणात, येथला ‘सोच’ हा शौच आहे, शुचितेचा आहे. मी क्षणभर गप्प झाले. मराठी शिकवणाऱ्या मला त्या ओळीचे भाषांतर शोधावे लागले नाही: सोवळ्याने सोवळेपण येत नाही, लाख वेळा सोवळे नेसले तरी. आणि ही ओळ मी तीस वर्षे, आंघोळ केल्याशिवाय पाठाला हात लावायचा नाही या कटाक्षाने, रोज म्हणत आले होते.

पहिली पौडी पुढे मौनालाही नकार देते, दौलतीच्या राशींनाही देते, हजार शहाणपणांनाही देते. त्यामुळे मला वाटले, की मग पाठाच्या आवर्तनालाही नकारच असणार. तसे मी ग्यानीजींना म्हटलेही. त्यांनी काही न बोलता बत्तिसावी पौडी काढली: ‘इक दू जीभौ लख होहि लख होवहि लख वीस, लखु लखु गेड़ा आखीअहि एकु नामु जगदीस’. एका जिभेच्या लाख जिभा होवोत, लाखाच्या वीस लाख, आणि त्या प्रत्येकीने लाख लाख फेरे एकच नाम घ्यावे. एकाच बाणीतला एक लाख काही उपयोगाचा नाही आणि दुसरा लाख हवाहवासा आहे, हे मला त्या दिवशी प्रथमच दिसले. दोन्ही ओळी मी एकाच दमात म्हणत असूनही त्यांची एकमेकींशी कधी गाठ पडली नव्हती. या दोन लाखांत फरक काय, हे मी ग्यानीजींना विचारले. ते म्हणाले, “पाठ सुरू करा. मध्ये कुठेतरी भेटेल.”

दिवाळी झाल्यावर मी अरदास, म्हणजे प्रार्थना, करून सैंचीतून, म्हणजे खंडांत छापलेल्या ग्रंथातून, पाठ सुरू केला. रोज पाच अंगे असे ठरवले होते, म्हणजे २८६ दिवस. प्रत्यक्षात चौदा महिने लागले. सुरुवातीचे पंधरा दिवस फार जड गेले. माझे गुरुमुखी वाचन पाचवीतल्या मुलासारखे होते. शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व उकार आणि इकार लिहितात पण बहुधा उच्चारत नाहीत, हे माहीत असूनही डोळा अडखळत असे. अडखळण्याचा एक फायदा मात्र झाला. जीभ पुढे पळू शकत नव्हती. पहिली तेरा अंगे नितनेमातलीच आहेत, म्हणून ती सोपी जातील असे वाटले होते, तर तीच सर्वांत अवघड गेली, कारण डोळ्याने अक्षर गाठण्याच्या आधीच जीभ ते म्हणून मोकळी होई. शेवटी मी एक उपाय केला: प्रत्येक ओळीवर बोट ठेवायचे आणि बोट हलल्याशिवाय बोलायचे नाही. शाळेत पहिलीच्या मुलांना मी हेच सांगत असे.

ग्यानीजींनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली होती, ती म्हणजे ‘रहाउ’. बहुतेक शबदांत, म्हणजे पदांत, एका ओळीपुढे हा शब्द लिहिलेला असतो. कीर्तनात ती ओळ ध्रुपदासारखी पुन्हा पुन्हा गातात, आणि शबदाचा गाभा बहुधा तिच्यातच असतो. माझ्या मराठी कानाला तो शब्द ‘राहा’ असाच ऐकू येत असे. येथे थोडे राहा, मग पुढे जा. मी पाच अंगे संपवून उठताना त्या दिवशीची एक रहाउची ओळ मनात घेऊन उठू लागले आणि भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तीच घोळवू लागले. म्हणजे पुन्हा आवर्तनच, परंतु ३८ पौड्यांचे नव्हे, एका ओळीचे.

मार्चअखेरीस सहा-सात दिवस असे आले, की ग्रंथ मुद्दाम माझ्याशी बोलतो आहे असे वाटावे. अंग ४६७ वर, आसा दी वार या बाणीत, गुरू नानक म्हणतात की वाचून वाचून गाड्या भरल्या, तरी हिशेबात धरली जाते ती एकच गोष्ट, बाकी सारी अहंकाराची बडबड. हिशेब हा शब्द तेथे असावा, याची मला गंमतही वाटली आणि बोचलेही. चार दिवसांनी अंग ४८५ वर आमचे नामदेव भेटले: ‘आनीले कुंभ भराईले ऊदक ठाकुर कउ इसनानु करउ’. कुंभ आणला, पाणी भरले, देवाला आंघोळ घालू म्हटले, तर त्या पाण्यात बेचाळीस लाख जीव. ‘बीठलु भैला काइ करउ’. विठ्ठल तेथे आधीच आहे, मग मी काय करू? आनीले, भराईले, भैला, काइ करउ, म्हणजे आपलेच आणले, भरले, झाला, काय करू. साडेचारशेहून अधिक अंगे अडखळत वाचल्यानंतर अचानक एखाद्या ओळीला आपल्या घरचा वास यावा, तसे झाले. मी ती ओळ यजमानांना मोठ्याने वाचून दाखवली. आणखी दोन दिवसांनी अंग ४९१ वर गुरू अमरदास: ‘राम राम सभु को कहै कहिऐ रामु न होइ’. राम राम सगळेच म्हणतात, म्हटल्याने राम होत नाही. त्या आठवड्यात मला पाठ थांबवावासा वाटला होता. जो ग्रंथ वाचून काही होत नाही असे पुन्हा पुन्हा सांगतो, तो पुढे वाचत राहण्यात अर्थ काय, असा तो रुसवा होता.

थांबवले नाही, त्याचे कारण फारसे उदात्त नाही. त्याच सुमारास यजमानांना छातीत दुखू लागले आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मी रात्र काढली. सैंची घरी होती, चष्मा घरी होता, आणि डोक्यात कोणताही अर्थ टिकण्यासारखी अवस्था नव्हती. अशा वेळी जपजी आपोआप सुरू झाले. मी ते म्हणत नव्हते, ते चालू होते. संपले की पुन्हा मूलमंत्रापासून, म्हणजे आरंभीच्या ओळींपासून, सुरू होई. पहाटेपर्यंत किती आवर्तने झाली ते मोजले नाही, आणि काही मागितले होते असेही आठवत नाही. कुकरच्या शिट्ट्यांवर बेतलेले ते तीस वर्षांचे पोकळ पाठांतर नसते, तर त्या रात्री माझ्याजवळ धरायला काहीच नसते. म्हणून रट्टा मारून केलेल्या पाठाला कोणी सरसकट पाखंड म्हणाले, की मी आता मान डोलावत नाही. यजमान आठ दिवसांनी घरी आले आणि मी अंग ४९६ पासून पुढे वाचायला लागले.

पोळ्याच्या आसपास अंग ९७२ आले. तेथेही नामदेवच होते, राग रामकलीत, भक्त त्रिलोचनाला उद्देशून. कागद आणला, पतंग कापला, आकाशात सोडला; पतंग उडवणारा पाच जणांशी बोलतो आहे, पण ‘चीतु सु डोरी राखीअले’, चित्त दोरीपाशी. पाणी भरून निघालेल्या मुली हसतात, थट्टा करतात, चित्त घागरीपाशी. गाय पाच कोसांवर चरते आहे, चित्त वासरापाशी. आई घरात आणि बाहेर कामाला जुंपलेली, चित्त पाळण्यातल्या बाळापाशी. मी तो शबद तीनदा वाचला, आणि मग मला एक जुनी साखी, म्हणजे कथा, आठवली, जी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सुलतानपूरला गुरू नानक नवाब दौलतखान आणि काझी यांच्यासोबत नमाजाला गेले, पण उभे राहून पाहतच राहिले. काझी चिडला, तेव्हा ते म्हणाले, की तुम्ही तरी नमाज कुठे पढलात. नवाबाचे मन काबूलमध्ये घोडे खरीदत होते, आणि तुमच्या मनात घरचे नवे शिंगरू अंगणातल्या विहिरीत पडेल ही धास्ती होती.

एका गोष्टीत शिंगरू आहे, दुसऱ्या गोष्टीत वासरू. दोन्हीकडे शरीर एकीकडे आणि चित्त दुसरीकडे. तरी काझीची ती चूक ठरते, आणि नामदेवांच्या गाईचा तो आदर्श. मी इतके महिने पाठात चित्त भटकू नये म्हणून बोट ठेवून, डोळे वटारून झगडत होते. या दोन जनावरांनी मला दाखवले की मी प्रश्नच उलटा मांडला होता. चित्त कोठेतरी बांधलेले असणारच. काझीचे शिंगराला बांधलेले होते, म्हणून ओठांवरच्या प्रार्थनेतही ते शिंगराकडे गेले. गाईचे वासराला बांधलेले होते, म्हणून चरतानाही ते वासराकडेच राहिले. माझे चित्त सुखमनी म्हणताना दिनदर्शिकेच्या चौकोनाला बांधलेले होते, आणि चाळीस दिवस ते इमानाने तेथेच राहिले होते. मी हे ग्यानीजींना जाऊन सांगितले, तेव्हा त्यांनी अंग १३७५ ची आठवण दिली, जेथे कबीरांच्या सलोकांत नामदेव आणि त्रिलोचन यांचा संवाद येतो: हातापायांनी सगळे काम कर, चित्त निरंजनापाशी ठेव. “ते यायला अजून वेळ आहे,” ते म्हणाले, “घाई करून वाचू नका.”

त्या काळात मी बऱ्याच दिवसांनी तख्तावर संध्याकाळच्या आरतीला गेले. दिवे लावलेले ताट ओवाळले जात होते आणि ‘गगन मै थालु रवि चंदु दीपक बने’ चालू होते. आकाश हेच ताट, सूर्यचंद्र हेच दिवे, असे सांगणारा शबद ताट आणि दिवे घेऊन गायला जातो, याकडे बोट दाखवून बाहेरगावच्या एका पाहुणीने मला पूर्वी छेडले होते, आणि मला उत्तर देता आले नव्हते. उत्तर आताही नाही. त्या संध्याकाळी मी दिव्याकडे पाहत असताना एकदा खरोखर दाराबाहेरच्या आकाशाकडे पाहिले, एवढेच झाले. गर्दीत शेजारची बाई मोबाइलवर चित्रण करीत होती; तिचे चित्त कोठे होते, हे मला कसे कळणार?

पाठाचा भोग जानेवारीत घरच्या घरी पडला. मुंदावणीत, म्हणजे ग्रंथाच्या अखेरीस येणाऱ्या पदात, एका ताटाचा उल्लेख आहे, त्यात सत्य, संतोष आणि विचार या तीन वस्तू वाढल्या आहेत, आणि जो ते खाईल आणि पचवील त्याचा उद्धार होईल, असे म्हटले आहे. ग्रंथाच्या आरंभी आकाशाचे ताट आणि अखेरीस हे ताट. मी कडाह प्रसाद केला, चार शेजाऱ्यांना बोलावले आणि स्वतः अरदास केली. ती करताना मी दोन ठिकाणी चुकले.

आता सकाळचे जपजी मी कुकर लावण्याच्या आधी म्हणते, आणि त्याला वीस मिनिटे लागतात. काही दिवशी एखादी पौडी उजळते, काही दिवशी पूर्वीसारखीच जीभ पुढे निघून जाते आणि मी मागून धावते. गेल्या महिन्यात मुलाचा फोन आला. तो नोकरी बदलतो आहे, दोन मोठ्या मुलाखती आहेत. “आई, पूर्वी करायचीस तसा चालीहा करशील का?” मी त्याला हो किंवा नाही असे काहीच म्हटले नाही, परंतु दुसऱ्या दिवसापासून सुखमनी साहिब म्हणू लागले. रोज सव्वा तास नव्हे, रोज दोन अष्टपद्या, सावकाश, एखाद्या ओळीवर थांबत. पाचव्या दिवशी दुधाची तारीख पाहायला म्हणून दिनदर्शिकेपाशी गेले, तर तेथे चार चौकोनांत पेन्सिलीच्या चार खुणा होत्या. अक्षर माझेच होते. त्या केव्हा केल्या, ते मला आठवत नव्हते.